घड्याळ फिरतंय, पंप बंद: पूलच्या मेकॅनिकल टायमरचं वायरिंग

गोव्यात शिवोली, आसगाव, हणजूणच्या बाजूला आता बंगला म्हटला की मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल आलाच. मालक पुण्या-मुंबईत, बंगला सांभाळायला सावंतवाडी-कुडाळकडचा एखादा केअरटेकर, आणि पंपाच्या खोलीत भिंतीवर गोल चकतीचा टायमर. पूलचं पाणी गाळणीतून फिरत राहावं म्हणून पंप रोज साधारण ६ ते ८ तास चालावा लागतो. तो सकाळी आपोआप सुरू व्हावा आणि दुपारी बंद व्हावा, एवढंच टायमरचं काम. एवढंसं काम चुकलं की एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत पाण्यावर हिरवट झाक येते, मग तळ दिसेनासा होतो, आणि क्लोरीन ओतून पाणी ताळ्यावर आणण्यात टायमरच्या किमतीहून जास्त पैसे जातात.

अशा वेळी निकाल ठरलेला असतो: "टायमर गेला, नवीन घाला." नवीन घातला जातो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. कारण नवा टायमर जुन्याच वायरींवर, जुन्याच पद्धतीने जोडलेला असतो आणि दोष तिथेच असतो. टायमर बदलण्याआधी दहा मिनिटं नीट बघितलं तर दोष नेमका कुठे आहे हे बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी एकच गोष्ट पक्की समजायला हवी: टायमरच्या डबीत दोन वेगळी यंत्रं असतात. एक घड्याळ आणि एक स्विच. दोघांना वीज वेगवेगळ्या वाटेने मिळते. बिघाड शोधायचा म्हणजे आधी या दोघांपैकी कोण थांबलंय ते ठरवायचं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डोळ्यांनी बघणं, कानांनी ऐकणं, एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) खाली आहे का वर आहे ते बघणं, चकती हाताने फिरवणं, हे कोणीही करावं. टायमरचं किंवा पंपाचं झाकण उघडून आत हात घालणं हे परवाना असलेल्या वायरमनचं काम. पूलपाशी जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात, अंग भिजलेलं असतं. घरातल्या कोरड्या खोलीत जो झटका 'लागला' एवढ्यावर निभावतो, तोच इथे जीव घेतो. हा लेख वायरमनच्या शेजारी उभं राहून तो काय करतोय हे समजावं, त्याला योग्य प्रश्न विचारता यावेत आणि फोनवर त्याला नेमकी माहिती देता यावी यासाठी आहे.

डबीच्या आत

घड्याळाचा भाग म्हणजे एक लहानशी सिंक्रोनस मोटर. ही मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीशी बांधलेली असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. मोटर त्याच तालावर फिरते आणि दातेरी चाकांमधून वेग कमी होत होत चकती २४ तासांत एक फेरा पुरा करते. चकतीच्या कडेला पिना किंवा लहान खटके असतात. बोर्डातल्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे रेल्वर, बसणाऱ्या बऱ्याच टायमरमध्ये असे ९६ खटके असतात, प्रत्येक १५ मिनिटांचा. खटका फिरत फिरत एका लिव्हरपाशी आला की 'टक्' असा आवाज होतो आणि स्विच बदलतो. स्विच म्हणजे दोन धातूची टोकं, कॉन्टॅक्ट. चिकटली की चालू, सुटली की बंद.

आपल्याकडे दोन घराण्यांचे टायमर दिसतात. एक हा रेल्वर बसणारा, डीबीच्या (वीज वाटणाऱ्या बोर्डाच्या) आत एमसीबीच्या शेजारी राहणारा. दुसरा मोठ्या लोखंडी पेटीतला, पिवळ्या चकतीचा अमेरिकन पद्धतीचा. तो बहुधा पूलच्या सामानाबरोबर आयात होऊन येतो. या दुसऱ्याबद्दल एक गोष्ट आधी तपासा: आतल्या मोटरवर ५० हर्ट्झ लिहिलंय की ६०. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची. तिथली मोटर इथे लावली तर ती सहाला पाच या प्रमाणात हळू फिरते. खऱ्या २४ तासांत चकती २० तासच पुढे जाते, म्हणजे रोज ४ तास मागे. आज सकाळी ८ ला सुरू झालेला पंप पुढच्या फेऱ्याला दुपारी पाऊण वाजून गेल्यावर सुरू होईल. गंमत म्हणजे सहाव्या दिवशी चकती पुन्हा बरोबर वेळ दाखवते, त्यामुळे मधूनच कोणी बघितलं तर 'टायमर ठीक आहे' असंच वाटतं. हा वायरिंगचा दोष नाही, आणि कुठलाही स्क्रू आवळून तो जाणार नाही. ५० हर्ट्झची मोटर घालावी लागते.

याच्याशी सहज गल्लत होते ती वीज जाण्याची. बॅटरी नसलेला टायमर वीज गेली की तिथल्या तिथे थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतो. पावसाळ्यात फांदी पडून लाइन दोन तास गेली, तर टायमर दोन तास मागे. जूनपासून चवथीपर्यंत असं कितीदा होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सगळं साठत जातं, आणि सप्टेंबरात पंप रात्री चालतोय असं लक्षात येतं. फरक ओळखायची खूण सोपी आहे: ६० हर्ट्झची मोटर रोज नेमाने तेवढीच मागे पडते, वीज जाण्याने मागे पडणारा टायमर अनियमित मागे पडतो. ज्या टायमरमध्ये राखीव बॅटरी असते त्याला हा त्रास नाही, पण ती बॅटरीही काही वर्षांनी मरते आणि मग तोही बॅटरी नसलेल्यासारखाच वागू लागतो.

झाकण न उघडता

पहिली पाहणी फोनवरसुद्धा होते. मालक पुण्याहून विचारतो, "दादा, चकती फिरतेय का?" केअरटेकर म्हणतो, "फिरत नाय वाटतं." या उत्तरावर काही ठरवू नये. चकती तासाला १५ अंश सरकते, नुसतं बघून ती फिरतेय की नाही ते कळत नाही. पेन्सिलीने चकतीवर आणि समोरच्या बाजूवर एक रेघ ओढायला सांगा आणि अर्ध्या तासाने दोन रेघांमध्ये अंतर पडलंय का ते बघायला सांगा. बऱ्याच टायमरना कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते, तीही विचारा.

मग टायमरवरचा हाताने चालवायचा खटका बघायचा. रेल्वरच्या टायमरवर एक छोटी पट्टी असते: एका बाजूला 'ऑटो', दुसऱ्या बाजूला 'कायम चालू'. शिवाय पॅनेलवर ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा फिरवायचा स्विच असतो. गाळणी उलटी धुवायला आलेला माणूस तो मॅन्युअलवर किंवा ऑफवर करून तसाच निघून जातो. वायरमनला बोलावण्याआधी हा स्विच बघायलाच हवा. कंपनीप्रमाणे चकतीवरच्या खटक्यांची भाषाही बदलते: काहींमध्ये बाहेर ओढलेला खटका म्हणजे चालू, काहींमध्ये आत दाबलेला. चकतीवर छापलेली खूण बघून खात्री करा.

एवढं झालं की चार शक्यता उरतात, आणि प्रत्येकीची जागा वेगळी.

घड्याळही बंद आणि हाताने खटका फिरवूनही पंप बंद: टायमरपर्यंत वीजच पोचत नाही. एमसीबी, आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच), त्यानंतरची वायर, न्यूट्रल (परतीची वायर), याच क्रमाने मागे मागे जायचं.

हाताने खटका फिरवल्यावर पंप चालतो, पण घड्याळ तरीही बंदच: स्विचची वाट ठीक, घड्याळाची वाट तुटलेली. एक तर मोटरच्या बारीक वायरी सुटल्या आहेत किंवा मोटर जळली आहे. अमेरिकन टायमरमध्ये ११० व्होल्टच्या आसपासची मोटर असेल आणि तिला २३० मिळाले असतील, तर जळणं ठरलेलंच.

घड्याळ चालू, 'टक्' आवाजही येतो, पंप मात्र गप्प: स्विचपासून पंपापर्यंतच्या वाटेत दोष. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

पंप थांबतच नाही: कॉन्टॅक्ट वितळून चिकटले, किंवा पुढचा कॉन्टॅक्टर (पंपाचा प्रवाह चालू-बंद करणारा मोठा, विजेवर चालणारा स्विच) अडकला, किंवा कोणीतरी टायमरला वळसा घालून 'डायरेक्ट' केलंय. पंप नेमका उलट वागत असेल, म्हणजे बंद असायला हवा तेव्हा चालत असेल, तर वायर चुकीच्या टर्मिनलवर आहे. बदलत्या कॉन्टॅक्टच्या टायमरला तीन टर्मिनलं असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडा, टायमर चालू झाल्यावर मिटणारा. एनसी म्हणजे एरवी मिटलेला. पंपाची वायर एनओवर हवी.

स्वतःचंच घड्याळ थांबवणारा टायमर

एक दोष असा आहे की तो समजला की टायमरचं सगळं वायरिंग समजतं. लक्षण असं: टायमर बसवला, वेळ लावली, पंप सकाळी व्यवस्थित चालला, दुपारी वेळेवर बंदही झाला. दुसऱ्या दिवशी सुरूच झाला नाही. जाऊन बघावं तर चकती काल दुपारच्या वेळेवरच अडकलेली. हाताने सुरू केला की चकतीही फिरायला लागते. पुन्हा दुपारी बंद, आणि पुन्हा कायमचा बंद.

कारण असं की येणारी वीज आणि पंपाकडे जाणारी वायर यांची अदलाबदल झाली आहे. इंटरमॅटिक या अमेरिकन कंपनीच्या टी१०४ या टायमरचं उदाहरण घ्या. त्याला चार स्क्रू: १, २, ३, ४. घड्याळाची मोटर आतून १ आणि ३ ला जोडलेली असते. १ आणि २ च्या मध्ये एक कॉन्टॅक्ट, ३ आणि ४ च्या मध्ये दुसरा. येणारी वीज १ आणि ३ वर, पंप २ आणि ४ वर, अशी जोडणी हवी. तसं केलं की स्विच उघडा असो वा मिटलेला, घड्याळाला वीज मिळतच राहते. आता वीज २ आणि ४ वर दिली तर ती १ आणि ३ पर्यंत पोचायला स्विच मिटलेला असावा लागतो. दुपारी स्विच उघडला की पंपाबरोबर घड्याळाचीही वीज तुटते. घड्याळ थांबलं म्हणजे पुढची पिन कधी येणारच नाही. टायमरने स्वतःचाच श्वास बंद केला.

रेल्वरच्या टायमरमध्येही हे घडतं, फक्त जरा वेगळ्या तऱ्हेने. तिथे घड्याळासाठी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल अशी दोन टर्मिनलं वेगळी आणि स्विचची तीन वेगळी. कोणी घड्याळाची फेज कॉमनवरून घेण्याऐवजी एनओवरून उचलली की तोच खेळ.

आणि याची उलटी बाजूही बघा. रेल्वरच्या अनेक टायमरमध्ये स्विचच्या कॉन्टॅक्टला आतून कुठूनही वीज मिळत नाही. ते नुसतं दार आहे, त्यातून काय पाठवायचं ते आपण ठरवायचं. नवशिका माणूस घड्याळाला फेज-न्यूट्रल देतो, पंपाची वायर एनओवर लावतो, आणि कॉमन रिकामा सोडतो. घड्याळ छान फिरतं, टक्-टक् आवाज येतो, पंपाला काहीच मिळत नाही. फेजच्या टर्मिनलवरून कॉमनला एक लूप, म्हणजे छोटी जोडवायर, मारायची राहिली, बस. या एका लूपपायी कित्येक चांगले टायमर 'खराब' म्हणून म्हापशाच्या दुकानात परत गेले असतील.

टेस्टर कुठे फसवतो

वायरमन खिशातून निऑनचा टेस्टर काढतो, स्क्रूला लावतो, लाल उजेड दिसला की 'सप्लाय आहे' म्हणतो. टेस्टर फक्त एवढंच सांगतो की इथे जमिनीच्या तुलनेत काही व्होल्टेज आहे. पंप चालवण्याइतका प्रवाह मिळेल का, हे त्याला कळत नाही.

न्यूट्रल तुटला की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. फेजच्या स्क्रूला टेस्टर लावला, पेटला. न्यूट्रलच्या स्क्रूला लावला, तोही पेटला. माणूस गोंधळतो: दोन फेज कशा आल्या? दोन फेज आलेल्या नाहीत. फेज घड्याळाच्या मोटरच्या वेटोळ्यातून जाऊन न्यूट्रलच्या वायरीवर येऊन उभी आहे, आणि न्यूट्रल मागे कुठेतरी तुटल्यामुळे तिला पुढे वाट नाही. मल्टिमीटर लावलं तर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये जवळजवळ शून्य, पण दोन्हींपासून अर्थिंगपर्यंत २३० च्या आसपास. हे आकडे एकदा बघितले की तुटलेला न्यूट्रल पुन्हा कधी चकवत नाही. आणि लक्षात घ्या, या घडीला जी काळी वायर 'न्यूट्रलच तर आहे' म्हणून हाताळली जाईल, ती पूर्ण २३० व्होल्टची आहे.

स्विच तपासायला मल्टिमीटरच हवा. क्रम असा: आधी कॉमनवर न्यूट्रलच्या तुलनेत २३० येताहेत का ते बघायचं. मग टायमर चालू करून एनओवर तेवढेच येतात का ते. शेवटी मीटरची दोन टोकं कॉमन आणि एनओवर ठेवायची. कॉन्टॅक्ट नीट मिटला असेल तर तिथे शून्याच्या जवळचा आकडा येतो, कारण मिटलेल्या दाराच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज असतं. २३० आले तर दार उघडंच आहे, आवाज येऊनही. आणि पंप चालू असताना चार, पाच, आठ व्होल्ट असा मधलाच आकडा आला तर कॉन्टॅक्ट जळत आलाय.

हा मधला आकडा किरकोळ समजू नका. समजा कॉन्टॅक्टवर काजळी चढून तिथे फक्त १ ओहम रोध तयार झाला आणि पंप ८ अँपिअर घेतोय. व्होल्टेज ८ च कमी झालं, पंपाला ते जाणवतही नाही. पण त्या टाचणीएवढ्या जागेत ६४ वॉट उष्णता तयार होते. पूर्वीच्या साठच्या बल्बला हात लावून बघितलेल्यांना हे पटेल. प्लॅस्टिक तपकिरी होतं, मग वाकतं, मग जळका वास. उघडल्यावर चांदीसारख्या चकचकीत टिकलीच्या जागी काळी, खड्डे पडलेली टिकली दिसते. सँडपेपरने घासून ती चारच दिवस चालेल, कारण वरचा चांगला धातू आधीच गेलेला असतो. असा टायमर बदलायलाच हवा, आणि तो का जळला तेही शोधायला हवं.

पंपाचा भार टायमरवर टाकू नका

तो का जळतो याचं उत्तर डबीवरच छापलेलं असतं. '१६ अँपिअर' हा मोठा आकडा सगळे वाचतात. तो गीझरसारख्या, नुसती उष्णता देणाऱ्या उपकरणासाठी. शेजारी मोटरसारख्या भारासाठी बराच लहान आकडा असतो, बऱ्याचदा ३ किंवा ४ अँपिअर. दीड एचपीचा सिंगल फेज पंप चालू असताना ८-९ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. रोज सकाळी कॉन्टॅक्ट मिटताना तो दणका आणि रोज दुपारी सुटताना ठिणगी. वर्ष-दीड वर्षात टिकली संपते किंवा वितळून चिकटते.

म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर घालायचा. माझं मत यात ठाम आहे: रेल्वरचा टायमर पंपाला थेट जोडू नये, पंप एक एचपीचा असला तरी. लोखंडी पेटीतल्या अमेरिकन टायमरचे कॉन्टॅक्ट मोठे असतात, त्यावर किती एचपी चालेल ते लिहिलेलं असतं, तो अपवाद.

कॉन्टॅक्टरची वाट अशी: फेज टायमरच्या कॉमनवर, एनओवरून निघून ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ या टर्मिनलांमधून कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए१ वर, आणि ए२ न्यूट्रलला. कॉइल ओढली गेली की कॉन्टॅक्टरचे जाड कॉन्टॅक्ट मिटतात आणि पंपाचा सगळा प्रवाह त्यांच्यातून जातो. टायमरच्या वाट्याला कॉइलपुरता नगण्य प्रवाह येतो. पंप जास्त तापला, अडकला की ओव्हरलोड रिले ९५-९६ उघडतो आणि पंप बंद. म्हणजे 'टायमर चालतोय, पंप गप्प' या तक्रारीत ओव्हरलोडचं बटण बाहेर आलंय का हेही बघायचं असतं. पण ते दाबून मोकळं होऊ नका. ते का पडलं, ते विचारा.

संध्याकाळी सगळीकडे एसी लागले की काही ठिकाणी व्होल्टेज उतरतं. कॉन्टॅक्टरची कॉइल साधारण ८५ टक्के व्होल्टेजपर्यंत ओढून धरण्याची हमी असते, म्हणजे २३० च्या कॉइलला १९५ च्या आसपास. त्याखाली गेलं की कॉन्टॅक्टर फडफडू शकतो: कर्र असा आवाज, कॉन्टॅक्ट सेकंदाला अनेकदा मिटतात-सुटतात आणि तासाभरात खराब होतात. टायमर बदलून हा आवाज जाणार नाही. पंप दुपारच्या उन्हाच्या वेळेत चालवला तर पाण्यालाही बरं आणि व्होल्टेजचाही त्रास कमी.

कॉन्टॅक्टर मिटतो, पंपापर्यंत २३० पोचतात आणि पंप नुसता गुणगुणतो, असं असेल तर टायमरचा विषय संपला. मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर उतरला असेल किंवा पंखा-इम्पेलर अडकला असेल. लगेच बंद करा, गुणगुणत ठेवलेली मोटर काही मिनिटांत जळते.

टायमर कुठली वायर तोडतो?

ज्या टायमरमध्ये एकच कॉन्टॅक्ट असतो, त्याने फेज तोडली पाहिजे. न्यूट्रल तोडली तरी पंप तसाच चालतो-थांबतो, बाहेरून काही फरक दिसत नाही. पण थांबलेल्या पंपाच्या आत फेज जिवंत राहते. पंप बंद आहे म्हणून कोणी टर्मिनलचं झाकण उघडलं, तर तो २३० व्होल्टला हात लावतोय. अशी उलटी जोडणी वर्षानुवर्षं लपून राहते, म्हणूनच ती सगळ्यात धोक्याची. टायमर 'बंद' असताना पंपाच्या टर्मिनलवर फेज येतेय का, ही एक तपासणी प्रत्येक जुन्या पंपाच्या खोलीत करून घ्या.

रंग इथे चकवतात. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा या तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. आयात पंपाच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा पट्ट्यांचा अर्थिंग. म्हणजे निळी वायर भिंतीतून आली तर फेज असू शकते आणि पंपातून आली तर न्यूट्रल. थ्री फेज असलेल्या मोठ्या घरात किंवा हॉटेलात 'निळ्याला निळी' जोडणारा माणूस काय करून ठेवेल याची कल्पना करा. रंगावर कधीच विसंबू नये, मोजूनच जोडावं.

झाकण उघडण्याआधीची रीतही इथेच सांगतो: एमसीबी खाली, शक्य असेल तर कुलूप किंवा निदान चिठ्ठी, मग मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासायचं, मग टायमरवर, आणि परत त्या सॉकेटवर. मीटरच बंद पडलेलं असेल तर ते सगळीकडे शून्यच दाखवतं.

आरसीसीबी पडतो तेव्हा

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पूलच्या सर्किटला असलाच पाहिजे. तो पडतो तेव्हा किती वाजता पडतो, हे टिपून ठेवा. बरोबर सकाळी टायमर पंप सुरू करतो त्याच क्षणी पडत असेल, तर गळती स्विचच्या पुढे आहे: पंपाची केबल, पंपाचं टर्मिनल किंवा ओलावलेली वाइंडिंग. वायरमन पंप सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजेल. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर पंप तसा चालवायचा नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग पुढे कुठेतरी एकमेकांना लागले असतील तरीही पंप सुरू होताच आरसीसीबी पडू शकतो, कारण परतीचा प्रवाह दोन वाटांनी वाटला जातो. पंप बंद असताना मध्यरात्री पडत असेल, तर टायमरच्या पेटीतलीच ओल, मुंग्या, पाल यांच्याकडे बघा. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून थेट जोडणं हा गुन्हा समजावा. महिन्यातून एकदा त्याचं 'टी' बटण दाबून तो पडतो याची खात्री करा.

गोव्याच्या हवेत वायरिंग लवकर म्हातारं होतं. समुद्राचं खारं वारं एकीकडे, आणि त्याच खोलीत ठेवलेले क्लोरीनचे डबे आणि ॲसिडचे कॅन दुसरीकडे. त्यांच्या वाफेने तांबं हिरवं पडतं, स्क्रूखालची वायर आतून कुरतडली जाते, वरून मात्र धडधाकट दिसते. रसायनं पॅनेलच्या खोलीत ठेवूच नका, आणि ॲसिड व क्लोरीन एकमेकांजवळ तर मुळीच नाही. ते मिसळले तर विषारी वायू सुटतो. केबल पेटीत खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातून) घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळण द्या, म्हणजे पाणी त्या वळणावरून गळून जातं. वरून केबल घेतलेली पेटी पहिल्याच पावसात आत पाणी घेते.

अर्थिंगचं बघायचं तर मे महिन्यात बघा. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात मोजलेला चांगला आकडा मेमध्ये खरा राहत नाही. पंपाची बॉडी, शिडी, रेलिंग हे सगळे धातू एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले असावेत. पॅनेल आणि टायमर पूलच्या कडेपासून दूर हवेत: आंतरराष्ट्रीय नियमांत कडेपासून २ मीटरचा पट्टा आणि त्यापुढचा दीड मीटर हे धोक्याचे भाग मानले आहेत, आणि पाण्यातले दिवे कमी व्होल्टेजचेच, साधारण १२ व्होल्टचे, हवेत.

मीठ वापरून क्लोरीन तयार करणारं यंत्र असेल तर त्याची वीज टायमरच्या पुढून, पंपाबरोबरच घ्या. पंप बंद आणि ते यंत्र चालू राहिलं तर थांबलेल्या पाण्यात हायड्रोजन आणि क्लोरीन साठत जातात. टायमर बदलताना ही वायर चुकून कायम चालू असलेल्या बाजूला लागलेली मी बघितली आहे. म्हणून काम संपल्यावर चकती हाताने फिरवून एक चालूची आणि एक बंदची पिन ओलांडून बघा: पंपाबरोबर ते यंत्रही सुरू झालं पाहिजे आणि पंपाबरोबरच थांबलं पाहिजे. पंप बंद असताना टायमरचं घड्याळ चालतंय ना, ते पेन्सिलीच्या रेघेने तपासा. मग चकती खऱ्या वेळेवर आणा, झाकणाच्या आतल्या बाजूला कुठली वायर कुठल्या स्क्रूवर आहे त्याची आकृती चिकटवा, आणि तिचा फोटो मालकाला व केअरटेकरला दोघांनाही पाठवा.